वादळाचे टक्के आणि बटणांचा डबा

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणणं आहे? वहिनी डोळ्यांत औषध घालते का, की अजून बाटलीकडे बघूनच तिला बरं वाटतंय? मी ठणठणीत. तुझा भाचा सोमवारी पहिल्यांदाच बोटीवर निघतोय, इंजिनावर मदतनीस म्हणून. मला विचारून निघतोय. समुद्रातलं मला का विचारावं, ती एक हकीकतच आहे (चहा घेऊन बस).

आमच्या बर्फाच्या कारखान्यात मी पावत्या फाडते, त्या खिडकीशेजारी हवामान खात्याचं पत्रक लागतं. समुद्रावर ढग जमायला लागले की येत्या आठवड्यात त्यांचं वादळ होण्याची शक्यता किती, ते टक्क्यांत लिहितात. आमच्या बोटवाल्यांची समजूत अशी, की तीस टक्के म्हणजे वादळच तीस टक्के, लहानसं, सोसण्यासारखं. (त्यांतला टकलू म्हणाला, "तेवढं तर आमच्या घरी रोज जेवणाआधी होतं.") हे वादळात गेल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलेय, त्यामुळे राहवलं नाही. शिवणाच्या डब्यात सात पांढरी आणि तीन काळी बटणं टाकून दाखवली. असं आभाळ दहादा जमलं, तर तीनदा वादळ होतं, सातदा विरून जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपुढे रांग. प्रत्येकाला बटण काढायचं होतं. पांढरं आलं की समुद्रावर, काळं आलं की घरी. टकलूला काळं आलं, तर म्हणाला, "ताई, हा मी नुसता हात घालून बघितला," आणि पांढरं येईपर्यंत बघत राहिला. एकाच्या घरी सासरे आले होते, तोही पांढरंच मागत होता. बर्फ खपेना म्हणून शेवटी मॅनेजरनं गुपचूप काळी बटणं काढून घेतली (शिकलेला माणूस!). मग मी डबा घरी नेला. आता सगळे मलाच आकडा विचारतात. मी सांगते, आणि त्याचा अर्थही सांगते.

या आठवड्याचा आकडा दहा आहे. तुझ्या भाच्यानं जेवताना विचारलं, मी पोळी वाढता वाढता म्हटलं, जा. त्याला काम येतं, बोट चांगली आहे, मालक सावध आहे. हे गेले त्या आठवड्यातही दहाच होते. पत्रक चुकलं नव्हतं. दहातल्या एका खेपेला कुणीतरी समुद्रावर असतंच. हे मला नीट समजलेलं आहे, दादा, तू काळजी करू नकोस.

वहिनीला आठवण सांग.

तुझी,
बहीण

ता. क. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय, म्हणजे रविवारच्या आत मिळेल. फोन केला नाही, कारण तू आवाजावरून ओळखतोस. मिळताच भाच्याला बोलावून घे. पाण्याचा पंप बंद पडलाय म्हण. नसेल पडला तर पाड. मी लिहिल्याचं बोलू नकोस.

आणखी एक. तो म्हणेल, मामा, दहाच टक्के आहेत. वाद घालू नकोस, त्याचं बरोबर आहे. फक्त ये म्हण.