उत्तर आलं नाही तर

१७ नोव्हेंबर १९९९, बुधवार

चाललं! रामनगरात, परशुरामच्या एसटीडी बूथमध्ये, बाकड्यावर ऑफिसचा लॅपटॉप ठेवला, मोडेम त्याच्या फोनला जोडला — आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या फंक्शनला उत्तर आलं. मोडेम किंचाळायला लागला तसा परशुराम धावत आला. "केशराक्का, फोन मेला काय गं माजा?" म्हटलं, मेला नाही, बोलतोय.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या हे साधंच वाटायला लागेल. डिजिटल सर्टिफिकेट म्हणजे ओळखपत्रच, फक्त आकड्यांचं. बँकेला तारेवरून पटवायचं की मी मीच आहे, तर ते दाखवायचं. त्यावरची सही खरी का, मुदत उरलीय का, हे तपासणं सोपं. पण मालकाची गुप्त किल्ली, तीही आकड्यांचीच, चोरीला गेली तर ज्यानं ते दिलं तो ते रद्द करतो. आणि रद्द झालेलं सर्टिफिकेट दिसायला अगदी कालच्यासारखंच दिसतं! त्याच्याकडे कितीही निरखून बघा, कळत नाही. देणाऱ्यालाच विचारावं लागतं.

आतापर्यंत आम्ही रद्द झालेल्यांची सगळी यादी उतरवून घ्यायचो. ती वाढतच जाते, आणि आणेपर्यंत शिळी होते. आता नवी पद्धत आलीय. एकच प्रश्न पाठवायचा, या नंबरचं सर्टिफिकेट अजून चालतं का? उत्तरं तीनच. चालू, रद्द, माहीत नाही. त्या उत्तरावरही देणाऱ्याची सही, म्हणजे वाटेत कुणी फिरवलं तर पकडता येतं.

समुद्रापलीकडचं कुठलंसं यंत्र रामनगरच्या बाकड्याला सही करून उत्तर देतं. मी आणखी दोनदा विचारलं. कामासाठी नव्हे, नुसतं बघायला. परत गावी, कुंभारवाड्याच्या गाडीत बसले तरी अंगावरचा काटा जात नव्हता.

१८ नोव्हेंबर

बंगळूरच्या ऑफिसात कृष्णन सरांना फोन. खूश होते. मग मीच विचारलं, लाइन तुटली, उत्तरच आलं नाही, तर फंक्शननं काय सांगायचं? सर म्हणाले, चालू आहे असं सांगायचं. बँकेचं गिऱ्हाईक दारात अडून राहता कामा नये. एकच ओळ तर आहे, केशर.

एकच ओळ. दुपारभर ती लिहिली नाही.

१९ नोव्हेंबर

आई रात्रभर भिंतीला टेकून बसूनच होती. आडवी झाली की दम लागतो. बेळगावच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलंय, हृदयाची झडप अरुंद झालीय, ऑपरेशन लवकर करा. पंचवीस तारीख दिलीय. मी रजा काढून आले ती त्यासाठीच. धोका आहे हेही त्यांनी लपवलं नाही.

आईचं एकच. "देवीला इचारल्याबिगर मी हालायची न्हाई." येसाजीअण्णा, माझा थोरला भाऊ, तिच्याच बाजूनं. "आपल्यात पेरणी बी इचारून व्हती, आनि ह्यो तर जीव हाय." मी इंजिनियर. पण लहानपणी मीही देवीच्या त्याच पाषाणापुढे हात जोडून उभी राहिलेय, आणि शाळेच्या परीक्षेपेक्षा जास्त घाबरलेय.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज कौल लावला.

देवराईत शिरलं की अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो. लखूमामा देवीचे गुरव. सख्खे मामा नव्हेत, पण सगळ्या वाडीचे मामा. त्यांनी पाषाण धुतला, पिटकोळीच्या फुलाच्या दोन तांबड्या पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. पाण्यानंच, दुसरं काही लावायचं नाही. उजवी पडली तर जा. डावी पडली तर जाऊ नका. मग गाऱ्हाणं घातलं. "आई, तुजी लेक सुंदरी काळजाच्या दुखन्यानं बेजार हाय. बेळगावास कापायला न्यायची म्हनत्यात. जाऊ दे व्हय, का नको, तूच सांग."

आम्ही बसलो. पाणी पाषाणावरून ओघळत होतं. मी त्या दोन ठिपक्यांकडे बघत होते, आणि खरंच सांगते, दुसरं काही जगात उरलं नव्हतं. कोण बोलतं इथून? किती पिढ्या लोक इथे येऊन असं बसले असतील? बूथमध्ये मोडेमच्या दिव्याकडे बघत बसले होते, तशीच इथे बसले होते. विचारायचं आणि थांबायचं. आपल्या हाती काही नाही.

उन्हं उतरली. एकही पाकळी पडली नाही.

आई उठली, पदर सारखा केला. "देवी बोलली न्हाई," एवढंच म्हणाली. अण्णा म्हणाला, "मग जायाचं न्हाई." जणू डावी पडलीच होती.

२२ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. लखूमामांनी नव्या पाकळ्या लावल्या नाहीत. लावलेल्या काढायच्या नाहीत, त्या आपसूक सुटेपर्यंत राहू द्यायच्या, अशी रीत. फक्त पाणी शिंपडून गाऱ्हाणं पुन्हा घातलं. चिकटलेल्याच राहिल्या.

मला इतका राग आला की बाकीचे पुढे गेल्यावर मी मामांनाच धरलं. "पडली न्हाई म्हंजे काय समजायचं, मामा?"

"पडली न्हाई म्हंजे पडली न्हाई."

"पर अण्णा तर म्हनतो, नको म्हनली."

मामा तांब्या विसळायला लागले. "म्हनत्यात तसं लोक. घरला जात्यात, गप बसत्यात. मी काय सांगू? तिनं न दिलेलं उत्तर मी कसं देऊ? मला बी ठावं न्हाई, पोरी." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आई आणि ते एकाच वयाचे, एकाच रानात गुरं राखलेली.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. कृष्णन सर म्हणतात, उत्तर नाही म्हणजे चालू. अण्णा म्हणतो, उत्तर नाही म्हणजे नको. दोघंही दुसऱ्याच्या गप्प बसण्यात आपलं घुसडतात! माझं फंक्शन हो किंवा नाही एवढंच सांगत होतं, चूक तिथेच होती. मोडून टाकलं. आता चार उत्तरं. चालू, रद्द, माहीत नाही — आणि उत्तर आलं नाही. पुढचं ज्यानं विचारलं त्यानं ठरवायचं. कोड साधंच आहे, पण मला ते लिहून झाल्यावर हात जोडावेसे वाटले.

२३ नोव्हेंबर

आई सकाळी चुलीपुढे बसली होती. आधणात तांदूळ वैरता वैरता थांबली. धाप लागली होती. म्हणाली, "केशर, देवीनं जा म्हटलं न्हाई. ऱ्हा बी म्हटलं न्हाई. मग मी जाते. मला मरायचं न्हाई गं."

तिनं असं काही म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमचे वडील, आबा, गेले तेव्हाही नाही. मी तिला धरून रडले.

अण्णा तांबडालाल झाला. "काय इपरीत घडलं तर?" आई म्हणाली, "माज्या माथ्यावर. तुज्या न्हाई, देवीच्या बी न्हाई." मग तोच जीप आणायला गेला.

निघताना राईपाशी जीप थांबवली. लखूमामा बाहेर आले नाहीत, आतूनच हात वर केला. दोन्ही पाकळ्या तशाच होत्या. आई हात जोडून बघत राहिली, मग म्हणाली, चल.

२५ नोव्हेंबर

आत नेलंय. अण्णा माझ्या शेजारी बसलाय. त्यानं माझा हात धरलाय.

२६ नोव्हेंबर

डोळे उघडले! नळ्या आहेत, बोलता येत नाही, पण माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असता तर आणू नका म्हणालो असतो.

माणसाचं हृदय उघडतात, झडप नीट करतात, पुन्हा शिवतात. आणि ते चालतं. मी कशाकशाचं नवल करू?

२८ नोव्हेंबर

दवाखान्यासमोरच्या बूथवरून काम पाठवलं. सर चिडले. चार उत्तरं बँकेला कशाला? म्हटलं, सर, चौथं आपण लपवलं तर ते खोटं होतं. ठरवू दे बँकेला. "बघतो," म्हणाले. बघू देत.

१४ डिसेंबर

आई घरी. आडवी होऊन झोपली. मी मध्येमध्ये उठून नुसता तिचा श्वास ऐकत होते.

२६ डिसेंबर, रविवार

लखूमामा आले. आई अंगणात वाल सोलत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मला परसात घेऊन गेले. सांगितलं, त्या दिवशी आमची जीप वळणाआड गेली, आणि पाकळी पडली. डावी. पळत येऊन हाक मारली असती तर आम्हाला ऐकू आली असती, पण त्यांनी मारली नाही.

"जल्मात देवीची पाकळी लपवली न्हाई, केशर," म्हणाले. "त्या दिशी उचलली आनि खाल्ली."

अंगणातून आई विचारत होती, लखूला चहा दिलास का.