भट्टीचा डोळा

माय, परवा पुसेगावच्या पुढं एका हळदीच्या कारखान्यात होते आणि तिथं दिवसभर तुला काहीतरी सांगावंसं वाटत राहिलं. तू गेलीस तेव्हा मी आयटीआयच्या शेवटच्या वर्षात होते, त्यामुळे मी पुढं काय करायला लागले हे तुला माहीतच नाही. मी बर्नर चालू करून देते. कुठं भट्टीला, कुठं बॉयलरला गॅसचा बर्नर बसवला की तो पहिल्यांदा पेटवायला मला बोलावतात. पेटवायला फार वेळ लागत नाही. जास्त वेळ जातो तो नीट विझतो का हे तपासण्यात. गावाकडं कुणी विचारलं तर मी म्हणते, गॅसचं काम करते. त्यांना वाटतं सिलिंडर पोचवते. मीही पुढं सांगत बसत नाही.

या बर्नरला एक डोळा असतो, माय. बोटाएवढा, पुढं काच, ज्योतीकडं तोंड करून बसवलेला. बटण दाबलं की आधी नुसता पंखा फिरतो आणि भट्टीत गॅस साठलेला असेल तर धुराड्यातून घालवून देतो. मग ठिणगी पडते, लहान ज्योत लागते. डोळ्याला ती दिसली तरच मोठा गॅस सुटतो. पुढंही तो बघतच राहतो. ज्योत गेली की काही सेकंदांत गॅस बंद पडला पाहिजे, आणि माणूस येऊन बघेपर्यंत पुन्हा पेटायला नको. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्या ओट्यावरचं दूध आठवलं होतं. मी नववीत आहे. दूध उतू जाऊन शेगडी विझलीय, आणि माझं ध्यान पुस्तकात. वास आला तशी मी उठून काडी ओढायला लागते आणि तू मागच्या दारातून येऊन माझ्या मनगटावर असा फटका मारतेस की काडेपेटी मोरीत जाऊन पडते. "आदी चावी बंद कर. दार उघड. वारा जाऊ दे. मंग काडी." मी रडवेली होऊन म्हणते, एवढं काय झालं. तू पदरानं जमिनीलगत वारा घालत बसतेस. वास नाकाशी येतो आणि ही खाली काय हाकलतेय, असं तेव्हा मला वाटलं होतं.

तू खाली का हाकलत होतीस, ते तुझ्या कामावरची गोष्ट कळल्यावर उमगलं. मी अगदी लहान असताना तू आपल्या शेजारच्या गोरेगावला जीपनं जाऊन एका वसतिगृहाचा स्वयंपाक करायचीस. एका सकाळी वाऱ्यानं वरणाच्या पातेल्याखालची शेगडी विझली, तुझ्या जोडीदारणीच्या ते उशिरा ध्यानात आलं आणि तिनं तशीच काडी लावली. भपकन जाळ उठला. तिच्या लुगड्याचा काठ पेटला, तो विझवताना तुझा डावा हात कोपरापर्यंत भाजला. लोक भेटायला यायचे, हळहळायचे, आणि तू हात केळीच्या पानावर ठेवून एकच विचारत राहायचीस, "पण गॅस व्हता कुठं? दार तर उघडं व्हतं." शेवटी सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला तू धरून बसवलंस. तो म्हणाला, ह्यो गॅस हवेपेक्षा जड असतोय, खाली पसरतोय, उंबऱ्याला अडतोय. हात बरा होऊन कामावर गेलीस तशी गवंड्याला सांगून तू भिंतीच्या अगदी बुडातल्या दोन विटा काढून घेतल्यास. जोडीदारीण घाबरली. "साप येईल ना वो बाई त्यातून." तू म्हणालीस, "साप आला तर दिसंल. गॅस दिसत न्हाई." हे तिनंच मला तुझ्या दहाव्याला सांगितलं. सांगताना आम्ही दोघीही हसलो होतो.

आता परवाचं सांगते. शिजवलेली हळद वाळवायची विटांची भट्टी होती. तिची गरम हवा लांब खोलीत सोडतात, आणि त्या खोलीच्या दारापाशीच बायका हळद पसरत, उलथत होत्या. मालक स्वतः शेतकरी, पन्नाशीतला, बोलायला मोकळा. त्यांनी बर्नर जुना आणला होता, कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून. सकाळी तो छान पेटला. निळी ज्योत, कडेला जराशी पिवळी, पंख्याचा एकसारखा आवाज. मालक पेढे मागवायला निघाले. मी म्हणाले, थांबा, विटा तापू द्या, खरी चाचणी तेव्हा आहे. दुपारपर्यंत आतल्या विटा लालभडक झाल्या. मग मी गॅसच्या पाइपावरचा हाताचा कॉक बंद केला. ज्योत गेली. आता डोळ्यानं ओरडायला हवं होतं, गॅस अडवणारे दोन्ही व्हॉल्व पडायला हवे होते. मी वाट बघतेय. काहीच नाही. हिरवा दिवा तसाच लागलेला, म्हणजे डोळा सांगतोय, ज्योत आहे.

मी मालकांना बोलावलं आणि भट्टीच्या भोकातून बघायला लावलं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. "आत तर जाळ न्हाईच. मंग ह्यो दिवा काहून लागून राहिला?"

"विटा लाल झाल्यात ना. त्यांचा उजेड त्याला जाळ वाटतोय."

"म्हंजी फसला?"

"व्हय. आता मी कॉक बंद केलाय म्हणून बरं. एरवी ज्योत गेली असती अन् गॅस येतच राहिला असता. भट्टीत भरला असता, मग कवातरी तापल्या विटेवरच पेटला असता." मी दाराकडं बघितलं. बायका वाकून हळद उलथत होत्या.

मालकांना समजलं, पण त्यांचीही अडचण खोटी नव्हती. अंगणात शिजलेल्या हळदीचा ढीग पडला होता. तो तसाच राहिला तर आंबणार. ते म्हणाले, "मॅडम, आजचा दिस चालू द्या. डोळा उद्या बदला." मी आमच्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. भट्टी सांभाळणारे काका पुढं आले. भला माणूस. "मी हितंच कॉकपाशी उभा राहतो ना. जाळ गेला की दाबून टाकतो."

"काका, जाळ गेला हे तुमाला कळंल कसं?"

"त्यो हिरवा दिवा..." ते म्हणाले आणि थांबले. मग दिव्याकडं बघून स्वतःच खाली बसले.

मी बर्नरची वीज तोडली, पंखा तेवढा चालू ठेवला. मालकांनी अंगणातल्या ढिगाकडं एकदा बघितलं. मग त्यांनी बायकांना हाक मारली, "चला, ताडपत्र्या काढा. आपल्या पद्धतीनं, उन्हात वाळवू." सगळेच लागले, मीही लागले. अंगात तू शिवलेला सदरा होता. मी आयटीआयला निघाले तेव्हा खादीचे दोन सदरे तू हातानं शिवून दिले होतेस, "जाळापाशी नायलॉन घालू नको" म्हणून. एक फाटला, दुसरा अजून आहे. संध्याकाळी तो हळदीनं पिवळाजर्द झाला आणि मालकांची सून म्हणाली, ताई, तुमचं लगीन लागलं की!

दुसऱ्या दिवशी नांदेडहून दुसऱ्या जातीचा डोळा आला. ज्योतीतून असा एक प्रकाश निघतो जो आपल्याला दिसत नाही, पण या डोळ्याला दिसतो. तापल्या विटेतून तो निघत नाही. मला हे फार आवडतं, माय. तू एकदा चुलीपुढं बसून म्हणाली होतीस, "जाळ थरथरतो, विस्तव थरथरत न्हाई. काहून?" तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. आता थोडं सांगता येतं. जाळ वर चढताना खालून हवा ओढतो, पण सारखी नाही, घोट घेतल्यासारखी, म्हणून तो हलतो. काही डोळे तर त्या थरथरीवरूनच जाळ ओळखतात. पण हा नवा डोळाही अगदी शहाणा नाही. जवळ कुणी वेल्डिंग केलं तर त्याची ठिणगी त्याला ज्योत वाटते. म्हणून काकांना दाखवून ठेवलं की भट्टी तापली की कॉक बंद करून अधूनमधून त्याचीही परीक्षा घ्यायची, बरा चालतोय असं वाटत असतानाही.

बायकांना बाहेरच थांबवून विटा पुन्हा लाल होऊ दिल्या आणि मी कॉक बंद केला. ज्योत गेली, क्षणभर काही नाही, मग ठक् ठक् करत दोन्ही व्हॉल्व पडले आणि लाल दिवा लागला. काकांनी एवढा वेळ श्वास धरला होता, तो सोडला. मालक म्हणाले, "पुन्हा करा बरं." पुन्हा केलं. पुन्हा पडले. मग बायका आत आल्या, भट्टी कामाला लागायला मोकळी झाली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे. एक मात्र तुला सांगते, कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. भट्टी मोकळी झाल्यावरही मी सगळ्यांना थांबवलं आणि कॉक आणखी एकदा बंद केला. ज्योत जाताना कुठून आधी जाते, टोकाकडून की बुडाकडून, ते मला भोकाला डोळा लावून बघायचं होतं. नीट दिसलं नाही. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, एक चाचणी राहिलीय. राहिली नव्हती, माय.