नवा पाय, जुना फर्मा

प्रिय सेत्तिमिओ,

आधी बातमी, मग भांडण. माझा कांदा गेला! अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं ते हाड, ज्याला आपलं अख्खं गाव कांदा म्हणतं आणि ज्याच्यावरून शाळेत तूच मला सगळ्यात जास्त छळलंस, ते आता नाही. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी शेवटचा एक्स-रे बघितला आणि म्हणाल्या, "सिन्योरा, आता हवे ते बूट घाला." मी त्यांना तिथेच मिठी मारली. एकसष्टाव्या वर्षी कुणी स्वतःच्या पायाच्या प्रेमात पडतं का? मी पडले आहे.

तू बूट करणारा माणूस, तुला सगळं खोलात हवं असणार, म्हणून नीट सांगते. मला वाटत होतं, तू कानशीने लाकूड तासतोस तशी गाठ तासून टाकतील. तसं नसतंच म्हणे. आतलं हाडच एका बाजूला सरकलेलं असतं, म्हणून ते बाहेर डोकावतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो. बाईंनी बारीक छिद्रांतून ते हाड कापलं, सरकवून जागेवर आणलं आणि स्क्रूने पक्कं केलं. माझ्या आईचा पाय कसा उभा चिरला होता, आठवतं ना? माझ्या पायावर डास चावल्यासारखे ठिपके आहेत, बस. त्याच दिवशी कडक तळव्याच्या एका बेढब बुटात मला चालवलंसुद्धा. नंतर मात्र पाय पावासारखा फुगला, आणि संध्याकाळी अजूनही थोडा सुजतो. पण सूज उतरत गेली तसा आतून दुसराच पाय निघाला! लांबी तीच, टाच तीच, पण पंजा पुढून अरुंद झालाय आणि अंगठा सरळ नाकासमोर बघतो. परवा ओल्या पायांनी न्हाणीघरातून बाहेर आले आणि फरशीवरचा ठसा बघून वाटलं, घरात कुणी पाहुणी आली आहे.

मी आयुष्यभर कारखान्यात बुटांची वरची चामडी शिवली, पण त्यातला एकही जोड कधी माझ्या पायात शिरला नाही. मला बसायचे ते फक्त तुझे. दर शरदात मी तुझ्या दुकानात यायचे, तू माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचास, अंगठ्याने गाठ चाचपायचास आणि माझ्या फर्म्यावर, म्हणजे माझ्या पायाच्या त्या लाकडी साच्यावर, त्याच जागी चामड्याची आणखी एक चकती चिकटवायचास. "नाझारे, कांदा यंदाही वाढला गं! आता त्याच्यासाठी वेगळा बूट शिवावा लागणार." "आधी तुझ्या ढेरीसाठी पट्टा शीव," मी म्हणायचे. मग कॉफी, आणि कॉफीत तुझी ती बडीशेपेची दारू, मिस्त्रा. तुझी बायको गेली, माझा नवरा गेला, पण हा कार्यक्रम चुकला नाही. पाय मापायला एवढा वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तुलाही असणार.

म्हणून ऑपरेशन ठरल्याचं सांगायला आले तेव्हा तू वर न बघता म्हणालास, "चला, आता कुठल्याही दुकानातले बूट बसतील तुला. माझं काय काम?" ते मला फार लागलं, सेत्तिमिओ.

आणि तरी आज दवाखान्यातून निघून काय केलं सांगू? कारखान्याच्या दुकानात शिरले, लाल बूट मागितले, आणि पाय आत गेला! ना टाच आत सरकवायला शिंगाचा चमचा लागला, ना शिव्या द्याव्या लागल्या. मी तिथल्या तिथे साल्तारेल्लो नाचाच्या दोन गिरक्या घेतल्या. मग ते बूट घालून तशीच तुझ्या दुकानाकडे निघाले, पहिल्यांदा तुलाच दाखवायचे म्हणून. तू जेवायला गेला होतास. काचेतून आत बघितलं तर माझ्या नावाचा खिळा रिकामा! तुझ्याकडे गिऱ्हाईक वारल्याशिवाय फर्मा भिंतीवरून उतरत नाही. मी भर चौकात ओरडले, "अरे, मी मेले नाही! नवे बूट घालून उभी आहे!" समोरच्या बारमधले सगळे बाहेर आले.

तेवढ्यात तुझी बहीण फिओरेन्झा आली पाव घेऊन. "ओरडतेस काय बाई! तू दवाखान्यात गेलीस त्या दिवशी तुझा फर्मा घरी घेऊन आलाय तो. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवलाय. सकाळी कॉफी पिताना त्याच्याशी बोलतो, आणि मी आले की गप्प होतो." तिच्यावर रागावू नकोस. मी लाल बुटांइतकी लाल झाले.

हे सगळं समोर येऊन सांगितलं असतं, पण मग तू चेष्टा केली असतीस, मी उलटून बोलले असते, कॉफी संपली असती आणि मी घरी आले असते. दरवर्षी असंच तर झालं. म्हणून लिहिते आहे. ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं तेव्हा मला कापण्याची भीती वाटत नव्हती. तुझ्या दारात यायचं निमित्त कापलं जाईल, याची वाटत होती. आता निमित्त नाही. या रविवारी दुपारी मी भरलेले ऑलिव्ह तळून घेऊन येते आहे, बुटांसाठी नाही, तुझ्यासाठी. नको असेन तर दार उघडू नकोस, मी समजेन आणि चालत परत जाईन. आता चालताना दुखत नाही. पण खिडकीतला तो लाकडी पाय आता माझा नाही. तो शेगडीत घाल. स्वयंपाकघरात मला ठेवायचंच असेल, तर अख्खी ठेव.

तुझीच (आणि हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे),
नाझारेना