घोडबंदरच्या नावाखाली डोंबिवली

५ जाने.
भरती-ओहोटीच्या वेळांचं वेबपान झालं. सायलीला पाठवलं. कॉलेज मी अर्धवट सोडलं, ती ठाण्यात अजून शिकतेय. खाडीतल्या खेकड्यांवर प्रोजेक्ट. ओहोटी बघूनच चिखलात उतरावं लागतं. पान आधी फक्त डोंबिवलीचं होतं, आमच्या घरामागच्या खाडीचं. तिच्यासाठी घोडबंदर घातलं. तिने बदाम पाठवला. पिवळा.

८ जाने.
तिचे बाबा कोळी, घोडबंदरलाच होडी. तिने वहीत उतरवलेल्या वेळा बघून म्हणाले, अष्टमीला ओहोटी तीनला कशी, तीनला पाणी चढतं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, सांग त्यांना, हे गणित आहे, अंदाज नाही. ती बाबांशी भांडली. माझ्यासाठी! अष्टमी परवा, तेव्हाच ती चिखलात उतरणार.

१० जाने., ऑफिस, २.१०
मंदारदादा, आमचा सिनियर, माझं दुसरंच काम तपासत होता. म्हणाला, "अरे शहाण्या, import करताना नावाभोवती महिरपी कंस कुठाय? कंस नसला की फाइलचा डिफॉल्ट एक्स्पोर्ट येतो, म्हणजे तिने आधीच ठरवून ठेवलेला माल. त्याला काहीही नाव दे, जावास्क्रिप्ट हूं की चूं करत नाही. कंसात नाव जुळलं नाही तर निदान एरर तरी देते."
हो हो म्हटलं. मग माझं पान उघडलं. import ghodbandar. कंस नाही. फाइलचा डिफॉल्ट डोंबिवली. खाडीत एवढं आत ओहोटी दोनेक तास उशिरा. वर नाव घोडबंदर, खाली वेळा डोंबिवलीच्या. आज अष्टमी.
कंस टाकला, पान परत चढवलं. काय उपयोग. तिने वेळ वहीत उतरवलीय, खाडीत रेंज नसते. फोन लागत नाही. बाबांचा नंबर नाही

२.२५
रिक्षात. सिग्नल. परत फोन लावतोय

१० जाने., संध्या.
जिवंत आहे. कमरेपर्यंत रुतलेली, पाणी छातीला. बाबांनी होडीत ओढून घेतलं. ते एकपासूनच जवळ होडी लावून बसलेले, तिला न सांगता. मी पोचलो तेव्हा काठावर कुडकुडत होती. बाजूला घेऊन म्हणाली, "वेळ मीच वहीत चुकीची लिहिली असं बाबांना सांगितलंय. तू तोंड उघडू नकोस." बाबांनी मला चहा दिला. ते पान मी केलं हे माहीतच नाही त्यांना.

११ जाने.
सा.चा मेसेज. बाबांनी प्रोजेक्ट बंद केला. म्हणाले, जिला वेळ धड लिहिता येत नाही तिने चिखलात उतरायचं नाही.

११ जाने., दुपार
घोडबंदरचा धक्का. सा.चे तीन कॉल, उचलले नाहीत. बाबांना खरं सांगितलं तर ती परत बोलेल का, माहीत नाही. बाबा होडीपाशी जाळं सांधतायत. मला बघितलं त्यांनी. हात केला, ये म्हणून.
जातो.