पांढरी टेप

काटोल, २० जानेवारी २०२५

चि. मधूस, यमुताईचे अनेक आशीर्वाद.

तेरावं आटोपून मी इकडे आले त्याला पाच दिवस झाले. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने जुळवते, म्हणून आपलं कागदावरच बरं. आईवेगळी झालेली आपली वैदेही पुण्याला पोचली का? तू कामावर जायला लागलास का? शेजारच्या जयवंताबाईंना मी बजावून आले आहे की माझा भाऊ वरणाला फोडणी न देताच गिळतो, तेव्हा अधूनमधून वाटीभर भाजी देत जा. त्या हसल्या आणि म्हणाल्या की छप्पन वर्षांच्या माणसाची काळजी तुम्ही बारशाच्या पोरासारखी करता. करतेच.

पुष्पलता गेली ती कोणाला काही न सांगता, त्रास न होता गेली. कोणीच काही करू शकलं नसतं. तू मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच पुन्हा सांगते.

माया आहेच, ती पत्राने कळू दे.

तुझी,
यमुताई

---

प्रताप नगर, नागपूर
३० जानेवारी २०२५

ती. यमुताईस, मधुसूदनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. जयवंताबाई रोज भाजी देतात. वैदेही नीट पोचली, सकाळ-संध्याकाळ फोन करते.

मी सोळा तारखेपासून कामावर जातो आहे. तिथे एक गोष्ट घडली. तुला विचारायची आहे, म्हणून नीट समजावून लिहितो.

आमच्या फ्लाइंग स्कूलच्या विमानांना किती उंचावर आहोत ते बाहेरच्या हवेच्या दाबावरून कळतं. विमानाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्यातून बाहेरची हवा नळीने आतल्या यंत्रापर्यंत जाते. विमान वर गेलं की दाब कमी होतो, यंत्रातली पातळ पत्र्याची बंद डबी फुगते आणि काटा सरकतो. वेगाच्या काट्यालाही हाच दाब लागतो. विमान धुताना त्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून वरून टेप लावतात आणि धुऊन झाल्यावर काढतात. टेप लाल लावायची, म्हणजे नजरेतून सुटत नाही.

सोमवारी लाल टेप संपली होती. मी पांढरी लावली. विमानही पांढरं. मग ती काढायची राहिली आणि काढली म्हणून मी सही केली. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाने स्वतः पाहून त्याखाली सही करायची असते. माझ्यासोबत काम करणाऱ्या धर्मेंद्रने न पाहताच केली.

विमान तसंच उडालं असतं तर कितीही वर गेलं तरी काटा जमिनीवरचीच उंची दाखवत राहिला असता. वेगही खोटा दिसला असता. आमच्या काजल मॅडम विद्यार्थ्याला घेऊन निघाल्या होत्या. निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारताना त्यांचं बोट त्या टेपवरून फिरलं. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या की काका, तुमचे दिवस कसे आहेत ते मला माहीत आहे, मी कुठे बोलणार नाही.

धर्मेंद्रला मी विचारलं की पाहिलं काहून नाही. तो म्हणाला, साहेब, वहिनीले जाऊन महिना नाही झाला, तुमच्यामागं उभं राहून तुमचं काम तपासाले मले बरं नाही वाटलं. झालं ते झालं म्हणाला, आता उकरून काहून काढता.

मी स्वतः लेखी कळवलं तर माझा सहीचा अधिकार जाईल. त्याचाही जाईल. नाही कळवलं तर कोणाला कळणार नाही. तुला काय वाटतं?

आजवरचा लोभ पुढेही राहू दे.

तुझा,
मधू

---

काटोल, ४ फेब्रुवारी

चि. मधूस, अनेक आशीर्वाद.

तुझं भोक आणि डबी मी दोनदा वाचलं. समजलं असं समज.

माझं ऐकशील तर गप्प बस. कोणाचं नुकसान झालं नाही. तुझी नोकरीची दोनच वर्षं उरली आहेत. धर्मेंद्रची मुलं शाळेत आहेत, त्याने जे केलं ते तुझ्या मायेपोटी केलं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला कोण दोष देतो? लहानपणी चिंचा चोरायचास आणि कोणी विचारायच्या आधी स्वतःच घरी येऊन रडायचास, तसं आता करू नकोस.

स्वेटर घालत जा. सकाळचा गारवा अजून गेला नाही.

तुझी,
यमुताई

---

प्रताप नगर, १३ फेब्रुवारी

ती. यमुताईस, शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं ऐकलं नाही, माफ कर. सात तारखेला मी लिहून दिलं. धर्मेंद्रला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला की साहेब, तुमच्याच भल्यासाठी केलं अन् तुम्ही मलेच बुडवून राहिले. आता तो माझ्याशी बोलत नाही, डबाही वेगळा बसून खातो. आम्हां दोघांचा सहीचा अधिकार तीन महिन्यांसाठी काढला आहे. नोकरी राहिली.

लिहून का दिलं, ते सांगतो. पुष्पा गेल्यापासून सगळेच माझ्याशी धर्मेंद्रसारखे वागतात. कोणी काही पाहत नाही, विचारत नाही, आधीच सांगून टाकतात की तुझी चूक नाही. तूही पहिल्या पत्रात तेच लिहिलंस.

ती काही न सांगता गेली नाही, ताई. त्या सकाळी तिने मला सांगितलं होतं की छातीत जळतं आहे, पाठ भरून आली आहे, थोडं थांबता का. मला पावणेआठला निघायचं होतं. पित्त असेल म्हणालो, थंड दूध दिलं आणि गेलो. अकरा वाजता जयवंताबाईंचा फोन आला. तोवर संपलं होतं. त्रास झाला नाही, हे मी लोकांना सांगितलं. वैदेहीलाही तेच सांगितलं. मी घरात नव्हतो. तिला किती त्रास झाला ते मला माहीत नाही.

हे एका माणसाला तरी माहीत असावं म्हणून लिहिलं. आता तुला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे.

तुझा,
मधू

---

काटोल, १८ फेब्रुवारी

चि. मधूस,

पत्र वाचलं. त्या दिवशी जेवले नाही.

तुझी चूक नाही असं आता मी लिहिणार नाही. तू थांबायला हवं होतंस. थांबला असतास तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही आणि कधी कळणार नाही.

आता माझं ऐक. डिसेंबरात पुष्पलताचं मला पत्र आलं होतं. जिना चढताना डावा हात जड होतो, दम लागतो, असं लिहिलं होतं. ह्यांना कळवू नका, उगीच सुट्टी घेतील, असंही लिहिलं होतं. मी उलट टपाली ओव्याचं पाणी प्यायला सांगितलं आणि तुला एका शब्दाने बोलले नाही. तेराव्यापर्यंत तुझ्या घरात राहिले, तुझ्यासमोर जेवले, तरी नाही. कोणीच काही करू शकलं नसतं असं मी तुला लिहिलं, ते तुझ्यासाठी नव्हतं रे.

रविवारी सकाळच्या बसने येते. वैदेहीला बोलावून घे, तिला आपण दोघं मिळून सांगू. रागावली तर रागावू दे.

माझं ते ओव्याच्या पाण्याचं पत्र पुष्पलताच्या कपाटात कुठेतरी असेल. मी यायच्या आत शोध आणि वाच. फाडू नकोस.

त्यानंतरही लोभ उरला तर बस स्टँडवर ये.

तुझी,
यमुताई