शोधात न सापडलेली गोदाआत्या

मंगळवार, संध्याकाळ. बेंबळी

अजून डोकं तापलेलंच आहे. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये गोदाआत्याचं नाव शोधलं, तर 'नोंद नाही.' आत्या शेजारीच बसली होती.

"माझं नाव न्हाय व्हय त्यात?"

शेवटी आजोबांच्या पानावर तळाच्या टिपेत सापडलं: 'मुली: गोदा, सोना, चंद्रा.' आणि टिपेतलं हे सॉफ्टवेअर शोधतच नाही! कसला शोध मग हा?

माहिती भरणाऱ्या चुलतभावाला, महेशला, फोन लावला.

"अगं, मुली लग्न होऊन गेल्या. टिपेत हायेत की!"

लई बोलले त्याला. तिघींच्या वेगळ्या नोंदी केल्या. मग आत्या म्हणाली, "आता माझ्या आईचं नाव बघ."

तिथं नुसतंच 'पत्नी'. महेशला पुन्हा फोन लावणार होते, पण आजीचं नाव मलाही कुठं ठाऊक होतं? आत्यालाच विचारावं लागलं.