दोनच्या जागी नऊ अंश

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. हेतू एकच, स्वतःशी प्रामाणिक राहणं. शिवाय मार्चमध्ये प्रशिक्षकाची जागा भरायची आहे. नव्या लोकांना शिकवताना अनुभव लिहून ठेवलेले असले की बरं.

बस डेपोमागच्या टॉवरवर तीन नवे अँटेने बसवले. वर चढायला आमचा रिगर. त्याला सगळे ‘सर्कस’ म्हणतात, वय पन्नास, पण शिडीवर पाय टेकल्यासारखे वाटत नाहीत. मी खाली, हातात कागद, वॉकीटॉकी. कुठला अँटेना किती अंश खाली झुकवायचा ते मी वाचायचं, त्यानं नट आवळायचे. पूर्वी मीही चढायचो. आता गुडघा. (उंचीची भीती नाही. गुडघाच.)

तासाभरात काम फत्ते. ‘प्रत्यक्ष वर जाऊन तपासले’ या वाक्यासमोर टिक. सही आज विशेष झोकदार आली.

५ फेब्रुवारी
संकल्प: १) लिफ्ट बंद, जिना. २) दुसऱ्या चहात साखर नाही. ३) आजचं काम आज.
जिना फक्त उतरताना. गुडघा.

९ फेब्रुवारी
आत्या येऊन गेली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, बोर्ड नंबर चार. सात नंबरच्या बोर्डावरची मैत्रीण अजून आहे, दुसऱ्या गावी, कंबरेच्या हाडामुळे अंथरुणाला खिळलेली. दोघी एकमेकींना ‘चार नंबर’ आणि ‘सात नंबर’ म्हणतात. रोज दुपारी चारला फोन. आजवर चुकलेला नाही.

आता आत्याच्या घरात पाच दिवस रेंज नाही. चारच्या फोनसाठी तिला लाँड्रीवाल्याच्या दुकानापर्यंत चालत जावं लागतं. मी म्हणालो, नेटवर्कचं काम चालू आहे, दोन दिवस. ती म्हणाली, तू आहेस म्हणजे काळजी नाही.

अभिमान वाटला.

११ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
फाईल लावताना कागद पुन्हा पाहिला. तीन ओळी. बाजाराकडचा अँटेना नऊ अंश. शाळेकडचा सहा. आत्याच्या वसाहतीकडचा दोन.

तिसऱ्या वेळी मी पुन्हा पहिलीच ओळ वाचली. सर्कसनं वरून विचारलंही होतं, परत नऊच का. मी म्हणालो होतो, कागदावर आहे तेच सांगतोय.

११.४५
हिशेब केला. टॉवर तीस मीटर. दोन अंश झुकवला तर झोताचा मध्य साडेआठशे मीटरवर जमिनीला टेकतो. नऊ अंश झुकवला तर एकशे नव्वदवर. म्हणजे लांब बघायचा टॉर्च स्वतःच्या पायावर धरल्यासारखं. आत्याचं घर सातशेवर.

दुरुस्ती वीस मिनिटांची. पण काम काढायचं तर फॉर्ममध्ये ‘कारण’ असा रकाना आहे. त्यात मावेल असं वाक्य सुचेना.

उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी
साहेबांचा मूड ठीक नव्हता. अशा वेळी कारणं सांगणं म्हणजे त्यांच्या तब्येतीशी खेळ. उद्या.

१३ फेब्रुवारी
साहेबांचा मूड उत्तम. तो कशाला घालवा.
त्या बाजूला मोजून पंधरा घरं. आकडेवारीत दिसतसुद्धा नाहीत. (आत्या आकडेवारीत दिसत नाही. हे वाक्य लिहायला नको होतं.)

१५ फेब्रुवारी
आत्याकडे गेलो. मीटर घेऊन गेलो, म्हणजे मीटरनं काहीतरी वेगळं सांगितलं तर बरं. नाही सांगितलं.

आत्या माझ्या तोंडाकडे डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशी बघत होती. खरं सांगायचं म्हणून मी घसा साफ केला आणि खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात तिचं ते झाड. दाट, थेट टॉवरच्या दिशेला. त्याच्याखालीच खुर्ची टाकून ती सात नंबरशी बोलायची. माझ्या तोंडून निघालं की पानांत पाणी असतं आणि पाणी लहरी शोषून घेतं. आमच्या लहरीची लांबी जेमतेम वीतभर, फांद्या-पानांत ती अडकायचीच.

आत्यानं विचारलं, झाड तर वीस वर्षं आहे, मग आताच का. मी म्हणालो, वाढलंय.

१६ फेब्रुवारी
काल बोललो त्यात एकही शब्द खोटा नाही. पानं लहरी शोषतात, पुस्तकात आहे. लहर आपटते, वळते, परतते, विरते. कुठलाही दोष तिच्या नावावर टाकावा, ती उलटून बोलत नाही.
तरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं. पित्त म्हणालो.

२० फेब्रुवारी
आत्यानं फांद्या छाटून घेतल्या. लाँड्रीवाल्याच्या दुकानातून फोन करून सांगितलं की सकाळी फोनवर रेंजची एक काडी आली होती, नंतर गेली. आवाजात आनंद.
ती एक काडी मला दिवसभर टोचत होती. समोरच्या पाण्याच्या टाकीवरून कुठलीतरी लहर परावर्तित होऊन चुकून आली असणार. शास्त्रात अशा गोष्टी होतात. सगळ्यांना आशा लावून जातात.

उद्या फॉर्म भरतो. सर्कसशी बोलतो. उद्या.

२४ फेब्रुवारी
मी काहीच म्हणालो नव्हतो. हे इथं स्पष्ट नोंदवून ठेवतो. ‘वाढलंय’ एवढंच म्हणालो होतो.
आत्यानं झाड तोडलं.
अख्खं. लाकूडतोड्याला दोन दिवस लागले. शेजारी तिला अडवत होते, तर ती म्हणाली म्हणे, माझा भाचा त्यातलाच माणूस आहे.

२६ फेब्रुवारी
बघायला गेलो. बुंधा परातीएवढा. स्वयंपाकघरात थेट ऊन, आत्यानं खिडकीला जुनी चादर लावलेली. खुर्ची आता भिंतीच्या सावलीत, सावली सरकेल तशी सरकवते.
काड्या शून्य. तिनं फोन माझ्यापुढे धरला. सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, अडथळा इतक्या वर्षांचा, आता लहरींना जरा स्थिरावायला वेळ द्यायला हवा.

लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. त्यांना स्थिरावायला वेळ.

३ मार्च, दुपारी ४.०५
कंपनीच्या गाडीतून लाँड्रीच्या रस्त्यानं चाललो होतो. आत्या दुकानासमोर स्टुलावर बसलेली. लाँड्रीवाल्यानंच दिलं असेल. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर तळहात, मागं इस्त्रीची वाफ आणि पुढं ट्रक. मोठ्यानं बोलत होती. तीस वर्षांत ती फोनवर कधी मोठ्यानं बोलली नसेल, त्यांना शिकवलंच तसं होतं.

मी सीटवरून खाली सरकलो. ड्रायव्हरनं विचारलं काय झालं. पेन पडलं म्हणालो. सिग्नल लांबला. ड्रायव्हर भला माणूस, तोही वाकून शोधायला लागला.

७ मार्च
प्रशिक्षकपदाची मुलाखत. फार छान. विचारलं, रेंजच्या तक्रारींचं सर्वांत जास्त आढळणारं कारण कोणतं. मी न अडखळता बोललो: अँटेन्याचा कल चुकणं, आणि वर न जाताच तपासलं अशी सही करणं. साहेब मान डोलावत होते. म्हणाले, हे अनुभवातून आलेलं आहे.

निवड झाली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आत्यांना कळव. मी म्हणालो, तिला रेंज नाही.


१२ मार्च, दुपारी ४.५०
अनोळखी नंबर. स्पष्ट, संथ आवाज. म्हणाली, मी सात नंबर बोलतेय.
चार वाजून गेले, चार नंबरचा फोन नाही, काल पण नव्हता. अडीअडचणीसाठी तिनं तुझा नंबर दिला होता. जाऊन बघशील का. मला उठता येत नाही, नाहीतर मीच आले असते.

गेलो. आत्या पलंगावर. परवा लाँड्रीकडून परतताना गटाराच्या झाकणावर पाय मुरगळलेला, पायाला प्लॅस्टर. मला कळवणार कशी, घरातून फोन लागत नाही. शेजारचे ड्रायव्हिंग मास्तर (गाडी शिकवायचे, आता निवृत्त) दोन वेळचं आणून देतात. मला म्हणाली, सात नंबरला सांग मी बरी आहे, घाबरी होईल.

रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, रेंज येईपर्यंत, आणि सांगितलं. पाचशे सत्तर पावलं. एका बाजूनं.

१३ मार्च
सर्कसला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फॉर्म नाही, परवानगी नाही. तो टॉवरकडे निघाला. पट्टा बांधला, चढला, दोन नट सैल केले, फिरवले, आवळले. अठरा मिनिटं. खाली आल्यावर हात पुसत म्हणाला,
“त्या दिवशी मी विचारलं होतं, साहेब.”
पूर्वी तो मला साहेब म्हणत नसे.

१४ मार्च
आत्याच्या घरात पाच काड्या. पलंगावरून सात नंबरशी दीड तास बोलली. मग मला फोन. आशीर्वाद दिले. म्हणाली, तू म्हणालास तसंच झालं, लहरी स्थिरावल्या.
ती रागावली असती तर सोसलं असतं.
रविवारी सांगतो.

१६ मार्च
रविवार. पाहुणे होते. म्हणजे, येण्याची शक्यता होती.

१९ मार्च
साहेबांना तोंडी सांगून टाकलं. ते म्हणाले, आता चालू आहे ना, मग कागद कशाला. लेखी देण्याचा मी आग्रह धरला नाही. वरिष्ठांचा मान राखला.
एक ओझं उतरलं. छोटं होतं.

२३ मार्च, सकाळी ८.१०
आत्याचा फोन. ड्रायव्हिंग मास्तरांचं इंटरनेट हळू चालतं. त्यांच्याही दारात झाड आहे. आत्यानं त्यांना आपला अनुभव सांगितला. लाकूडतोड्या दहाला येतोय, पण मास्तरांचं म्हणणं, तुझ्या भाच्यानं एकदा नजर टाकावी.

दुपारी १२.३०
नऊ चाळीसला पोचलो. मास्तर दारातच. त्यांना म्हणालो, इंटरनेट तारेनं येतं, तारेला झाडाशी देणंघेणं नाही, राउटर कपाटातून बाहेर काढा. ते खूष. लाकूडतोड्याला परत पाठवला. तिथूनच निघता आलं असतं. निघालोही होतो. पण आत्या काठी टेकत तिच्या दारात आली आणि मास्तरांना म्हणाली, मग माझ्या झाडाचं कसं झालं.

मास्तर घरात गेले. मी सांगितलं. कागद, तीन ओळी, नऊ अंश, सही, सगळं. मध्ये गुडघ्याचं आलं, ते काढून टाकलं. उंचीची भीती वाटते हेही सांगितलं. आत्या बुंध्याकडे बघत ऐकत होती.
“म्हणजे झाडाचं काही नव्हतं,” ती म्हणाली.
“नाही.”
“तुला कधी कळलं?”
“अकरा फेब्रुवारीला.”
“झाड तोडायच्या आधी.”
मी मान हलवली. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “बोर्डावर बसायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी आम्हाला नंबर जोडायला नव्हतं शिकवलं. चुकीचा जोडला गेला तर काय म्हणायचं, ते शिकवलं. माफ करा, चूक माझी आहे. पाच शब्द. तेही लगेच, समोरचा लाइनवर असतानाच. तुला किती दिवस लागले?”
मोजले. “चाळीस.”
आत्या आत गेली. काठीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. चहा विचारला नाही.

तिनं सांगितलेलं वाक्य मी तिथं म्हणायला हवं होतं. गाडीत बसल्यावर म्हणालो.

२४ मार्च
कार्यालयात लेखी दिलं. साहेब नाराज. प्रशिक्षकपदाचं ‘बघू’ म्हणाले. मी ठीक आहे म्हणालो. ठीक नव्हतं.
एक रोप आणलं. आत्याच्या फाटकाजवळ ठेवून आलो. बेल दाबली नाही. तिची विश्रांतीची वेळ. (अकरा वाजले होते.)

२७ मार्च
रोप मास्तरांच्या दारात लावलेलं दिसलं. पाणी घातलेलं होतं.

३० मार्च, सायंकाळी ६.००
आत्याला चार फोन केले. चार वाजून पाच मिनिटांनी एंगेज, सात नंबर असणार. पाचला पूर्ण रिंग, उचलला नाही. सव्वापाचला पूर्ण रिंग. साडेपाचला पूर्ण रिंग.
शंका नको म्हणून साडेपाचचा फोन मीटर घेऊन तिच्या फाटकासमोरूनच केला. खिडकीतून ती दिसत होती. फोन टेबलावर, तिच्या हाताशी, उजळलेला.
पाच काड्या. रिंग स्वच्छ. तांत्रिक दोष काहीही नाही.